वाघिणीच्या घशाची सूज

निजामाच्या राज्यात मी हिंगोलीला सलोतरी होतो. सलोतरी म्हणजे जनावरांचा डॉक्टर. लोक तोंडावर ‘सलोतरीसाब’ म्हणायचे आणि माझी पाठ फिरली की ‘ढोरडाक्टर’. दोन्ही खरंच होतं. बैल, म्हैस, शेळी आणि तहसीलदाराचं घोडं, एवढ्यात माझं शास्त्र संपायचं. हैदराबादला शिकत असताना तिथल्या बागेतला सिंह आम्हाला एकदा लांबून दाखवला होता. आमचे मास्तर म्हणाले होते, याच्या जबड्यात हात घालायची वेळ तुमच्यावर न येवो. सगळा वर्ग हसला होता, त्यात मीही होतो.

ती वेळ आली लढाईच्या दिवसांत, एका नवरात्रात. त्या वर्षी जे झालं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगावं असं त्यात काही नाही, माझीच शोभा आहे. पण आता वय झालं, लाज धरून करायचं काय?

घटस्थापनेच्या दिवशी कळमनुरीच्या वाटेवरच्या एका गावातून निरोप आला, ढोरं पटापट मरून राहिली. दवाखान्यात होत्या तेवढ्या सीरमच्या बाटल्या मी पेटीत भरल्या आणि छकड्यातून निघालो. गावात शिरताच कळलं, फाशीचा रोग आहे, इंग्रजीत अँथ्रॅक्स. सकाळी चरायला सोडलेला बैल दुपारी आडवा होतो, नाकातून रक्त येतं आणि कारभार आटोपतो. निरोगी जनावराला सीरम टोचलं तर ते वाचतं. रोग लागलेलं जनावरही अगदी पहिल्या दिवशी टोचलं तर कधीमधी वाचतं. पुढे देवावर हवाला.

गावचे पाटील म्हातारे आणि फार अदबीचे होते. मी विचारलं, "हा रोग कधीपासून आहे?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"रोग म्हनू नगा साब. आई आल्यात गावात."

"आई येवो नाहीतर मावशी येवो," मी म्हणालो, "मेलेलं ढोर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, खायचं तर मुळीच नाही. पुरुषभर खड्डा आणि वर चुना. समजलं?"

"बराबर साब. तुमी म्हनाल तसं."

माझं बोलणं हे असं. बायको म्हणायची, बैलाशी बोलता त्याच्या निम्म्यानं माणसांशी गोड बोला, चार लोक जोडले जातील. त्या गावातले लोक मात्र रागावले नाहीत. त्यांनी निमूटपणे खड्डे खणले. गावाबाहेर लिंबाखाली आईचं ठाणं होतं, शेंदूर फासलेला एक दगड. त्याच्यापुढे एक बोकड बांधलं होतं. कपाळाला हळदीकुंकू, गळ्यात लिंबाचा डहाळा, मान खाली. त्यालाही लागण झाली होती हे लांबूनच दिसत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"त्याला आईनं शिवलंय जी," पाटील म्हणाले. "शिवलेलं जनावर घरी ठेवत न्हाईत. आईचं आईला पोचवायचं."

"कुणी खाणार नाही ना?"

"राम राम! आईचं कोन खाईल?"

असलं जनावर शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत त्या भागात होती, ती मला ठाऊक होती. माझं समाधान झालं. मला अजून अख्ख्या गावाचे बैल टोचायचे होते. दोन बाटल्या अडीअडचणीला दवाखान्यात ठेवाव्यात असा नियम होता. तो मी मोडला आणि शेवटची बाटली दिवेलागणीला पाटलांच्या बैलजोडीला टोचली. मोडताना मला फार बरं वाटलं. पुढे महिनाभरात त्या गावातला एकही बैल दगावला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं चोख काम मी दुसरं केलं नसेल.

त्याच आठवड्यात हिंगोलीत जनावरांचा खेळ आला होता. रेल्वे तेव्हा हिंगोलीला येऊन संपायची, त्यामुळे दसऱ्याच्या जत्रेला असले तंबू हटकून यायचे. या खेळात दोन अस्वलं होती, एक म्हातारा बिबट्या होता आणि एक वाघीण होती. वाघिणीसाठी लोक लोटत होते. नवरात्र, त्यात देवीचं वाहन पिंजऱ्यात समोर बसलेलं. बाया गजांवर हळदीकुंकू वाहत, नारळ फोडत, लेकरांना लोटांगण घालायला लावत. खेळाचा मालक परमुलखातला, पण माणूस चलाख. त्यानं पिंजऱ्यावर देवीची तसबीर टांगली आणि समोर आरती ठेवली. आखाडा बाळापूरच्या बाजारापर्यंत बातमी गेली की हिंगोलीत आई स्वतःच्या वाघावर येऊन बसली आहे.

सहाव्या माळेला त्या वाघिणीचा राखणदार माझ्या दवाखान्यात आला. साठीचा, वाळकासा, तांड्यावरचा माणूस. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहिलं, याच्या वाट्याला वाघीण आली. डोळे उघडायच्या आधी ती त्याच्या हातात पडली होती आणि त्यानं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. तो तिला ‘बाई’ म्हणायचा.

"साब, बाई खाऊन न्हाई राहिली. काल दोपारपून. लाळ गळून राहिली नुसती."

"मामा, मी वाघाचा डॉक्टर नव्हे."

"मंग कोन हाय? सांगा, त्याच्याकडं जातो."

मी पेटी उचलली.

वाघीण पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसली होती. इतक्या जवळून मी वाघ पहिल्यांदा बघत होतो. म्हाताऱ्यानं हाक मारली तशी ती उठून आली आणि गजांना गाल लावून उभी राहिली. जबड्याखाली सूज होती. लाळेची तार गळत होती. गिळताना मान वेडीवाकडी होत होती. मी बैलाच्या घशात अडकलेली आंब्याची कोय काढलेली, कुत्र्याच्या टाळूत रुतलेलं हाड काढलेलं. मी छाती फुगवून म्हणालो, "हाड अडकलंय."

"मी बघू?" म्हातारा म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. ती डोळे मिटून उभी राहिली. त्यानं जिभेखाली, दाढांमागे, घशापर्यंत चाचपलं.

"हाड न्हाई साब. आतून गरम हाय पर. लई गरम."

हाड नाही म्हटल्यावर तिथेच डोकं चालवायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, खाली उतरलं असेल, घसा सोलला असेल. तुरटीचं पाणी पाजायला सांगितलं, सुजेवर शेक सांगितला आणि घरी येऊन चवीनं जेवलो. त्या रोगात पहिला दिवस काय मोलाचा असतो ते मी पाच दिवसांपूर्वीच एका गावाला शिकवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. सूज गालांवर, डोळ्यांखाली, मानेपर्यंत. दगडासारखी कडक. लाळेला तांबूस रंग आला होता. मी म्हाताऱ्याला विचारलं, "हिला काय काय खायला घातलंत? गेल्या आठवड्याचं सगळं सांगा."

"मालक म्हैस देतो रोजची. आन् नवसाची बोकडं येऊन राहिली ना साब, लोक आनतात आईला. चार-पाच झाली."

"त्यात एखादं आजारी होतं?"

त्यानं जरा आठवलं. "दुसऱ्या माळेला एक आलं व्हतं. गाडीत घालून आनलं व्हतं रातच्या रात. मान टाकलेली, धुगधुगी व्हती नुसती. एक पाटील सोता घेऊन आलता, म्हातारा. लई रडला बाईम्होरं. म्हने, आई, तुजं तुला पोचवलं, आता आमचं गाव सोड."

मी तिथल्या एका पेटीवर बसलो. पाटलांनी माझा शब्द पाळला होता. मेलेलं काही फाडलं नव्हतं, खाल्लं नव्हतं. बोकड आईचं होतं, आई हिंगोलीला आली होती, त्यांनी ते तिथं पोचवलं. दरवर्षी ते शिवेवर सुटलं असतं आणि काट्याकुट्यात मेलं असतं. या वर्षी शिवेपलीकडे खरीखुरी वाघीण बसलेली होती.

तिच्या शेपटीच्या टोकातून मी रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला आणि सरकारी इस्पितळात धावलो. गावात जंतू बघायची दुर्बीण तेवढी एकच, माणसांच्या डॉक्टरकडे. ते भले गृहस्थ होते. त्यांनी काच रंगवली, बराच वेळ बघितलं आणि बाजूला होऊन म्हणाले, "आप ही देख लीजिए." मी बघितलं. फाशीचे जंतू, जाडजूड काड्या, एकापुढे एक जोडलेल्या. शिकताना पाहिल्या होत्या तशाच. एवढं बिनचूक निदान, आणि चोवीस तास उशिरा.

सीरमसाठी हैदराबादला तार केली. लढाईमुळे गाड्यांचा नेम नव्हता. उत्तर आलं, पाठवतो, तिसऱ्या दिवशी मिळेल. मी दवाखान्यातलं रिकामं कपाट उघडून पुन्हा पुन्हा बघत होतो. बाटल्या कुठे गेल्या हे मला पाठ होतं. नियमाप्रमाणे दोन मागे ठेवल्या असत्या तर त्या दिवशी सकाळीच टोचता आल्या असत्या. वाघीण वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तिला एक संधी होती आणि ती मी बैलांना देऊन बसलो होतो. बैलांना देऊ नये असंही मला म्हणता येत नव्हतं. ज्याच्या दावणीला बैल मेला त्याचं घर मी पाहिलेलं होतं.

पुढचे दोन दिवस मी तंबूतच काढले. म्हाताऱ्याचा हात रोज कार्बोलिकनं धुवायचो, माणसाला हा रोग लागला की उठते ती काळी पुळी दिसते का बघायचो. त्याला त्याचं काही नव्हतं. तो ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचा, कापसानं पाणी पिळायचा आणि मला विचारायचा, "दवा निघाली असंल न्हाई आता? कुटवर आली असंल?" मी स्टेशनांची नावं सांगायचो. पूर्णेपर्यंत आली असेल म्हणायचो. तो मान हलवायचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याच्यावर खेकसलो, आणि मग त्याच्यासाठी चहा आणला.

आठव्या माळेला तिला थंडी भरली. सगळं अंग थडथडायला लागलं, मान हलायला लागली, तोंडाला फेस. दर्शनाला आलेल्या एका बाईनं किंचाळी फोडली, "आलं! आईच्या वाघाच्या अंगात आलं!" झालं. दोन बाया तिथेच घुमायला लागल्या. हलगीवाले आले. तासाभरात जत्रेतली निम्मी माणसं पिंजऱ्याभोवती. म्हाताऱ्यानं गोणपाट टांगायचा प्रयत्न केला, लोकांनी तो ओढून काढला. देव झाकतोस का रे? मी स्टुलावर चढलो आणि बोंबलून सांगितलं की हा रोग आहे, हिला ताप आहे, लागट आहे, लांब व्हा. लोकांनी ऐकून घेतलं. एका आजोबांनी माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "तुमी सेवा करून राहिले आईची. पुण्य लागंल." मालकाला सांगितलं, खेळ बंद ठेव. तो हिंदीत म्हणाला, बंद केला तर हे लोक तंबू जाळतील. त्याचंही खोटं नव्हतं.

त्या गर्दीत वाघीण थडथडत होती आणि हलगीच्या प्रत्येक ठोक्याला तिचे कान मागे जात होते. मला त्या सगळ्या माणसांचा इतका संताप आला की रडू आलं. म्हातारा रडत नव्हता. तो पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन गजांतून हात घालून तिची पाठ चोळत बसला.

दसऱ्याच्या सकाळच्या गाडीनं सीरम आलं. मी स्टेशनवरून पेटी छातीशी धरून पळत आलो. म्हाताऱ्यानं गजांतून तिची शेपटी बाहेर ओढली, घट्ट धरली, आणि मी घोड्याची मोठी पिचकारी भरून मांडीत सुई घातली. इतकी मोठी सुई बैलालासुद्धा उडी मारायला लावते. तिनं मान वळवून बघितलंही नाही. तेव्हाच मी ओळखलं. पण म्हातारा माझ्याकडे बघत होता, म्हणून मी दुसरी बाटली भरली आणि तिसरीही.

"आता उतरंल ना सूज?"

"बघू, मामा."

दुपारी गाव सीमोल्लंघनाला निघालं तेव्हा ती गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. म्हाताऱ्यानं बराच वेळ तिच्या नाकाशी हात धरला होता. मग म्हणाला, "साब, गेली वो," आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

मालकाला कातडं पाहिजे होतं. मी म्हणालो, सुरी लावलीस तर तुला आणि सोलणाऱ्याला याच खड्ड्यात जागा ठेवतो. कयाधू नदीच्या अलीकडच्या माळावर आम्ही खोल खड्डा घेतला आणि भरपूर चुना घालून तिला पुरलं. खड्डा बराचसा म्हाताऱ्यानंच खणला. खेळ दोन दिवसांनी पुढच्या गावाला गेला, म्हातारा गेला नाही.

चौथ्या दिवशी तो दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता, हात दाखवायला. तेवढ्यात ते पाटील आले. हातात नारळ, उपरण्यात आपट्याची पानं, तोंडभर हसू.

"साब, आई गेली गावातून. एक ढोर मेलं न्हाई म्हागून. आमचं बोकड पोचलं आईला."

माझा पारा चढला. मी म्हणालो, "पाटील, तुमच्या त्या बोकडानं ही वाघीण मारली. त्याचा रोग तिला लागला. हा बघा, हा बसलाय तिचा माणूस!"

पाटलांचा चेहरा उतरला. ते मटकन खाली बसले, म्हाताऱ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे हात जुळले.

"म्हंजे... आईनं आमचं दुखनं सोताच्या वाहनावर घेतलं म्हना की. आमच्या ढोरांचं मरन तिनं घेतलं."

"तसं काही नाही," मी म्हणालो आणि तिथेच अडलो.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुमचे बैल आईनं नाही वाचवले, मी टोचलेल्या सीरमनं वाचले. एवढं सांगितलं की पाटलांना कळलं असतं. पण म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं असतं, सीरम म्हंजे ती हैदराबादची दवा ना? ती तुमच्यापाशी व्हती? दोन दिवस स्टेशनांची नावं मोजत बसलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो? मी गप्प बसलो. आयुष्यभर नको तिथे तोंड सोडलं आणि पाहिजे तिथे एकदाच आवरलं.

पाटलांनी म्हाताऱ्याला जवळ घेतलं. म्हणाले, "कुटं ठेवलं तिला? दावा मला. आमी तितं ओटा बांधतो." आणि तो त्यांना दाखवायला उठला.

पुढच्या दसऱ्यापर्यंत माळावर शेंदूर लावलेला ओटा झाला होता. मी सायकलवरून गेलो. बोकडं घेऊन गावोगावचे लोक आलेले. चुली पेटल्या होत्या. म्हातारा ओट्याशी होता, अंगावर नवं धोतर, झाडून काढत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"मामा, आजारी बोकडं आणून राहिलेत लोक. आणि इथं शिजवून खाणार? गेल्या साली तर खात नव्हते!"

"तवा भेव व्हतं साब. आता म्हन्तात, इथं कापलं का रोग बाई घेते. मास निर्मळ व्हतं."

मग मी सांगितलं. सगळं, बाटल्यांसकट. त्यानं झाडू खाली ठेवला नाही की माझ्याकडे बघितलं नाही.

"म्हंजे तुमच्यापाशी दवा व्हती."

"होती. बैलांना दिली."

"बराबर केलं," तो म्हणाला. "बैलावर घर चालतं. पर साब, हे तुमी त्या दिशी पाटलाला बोलायला पायजे व्हतं. मी ऐकलं असतं, आन् पाटलानंबी. आता ह्या येवढ्या लोकायला कोन सांगंल? आन् मी काहून सांगू? माजी बाई उगीच न्हाई मेली, असं हे लोक म्हनून राहिले. तेवढंबी काढून घेता का?"

पलीकडे लोकांनी एक मान टाकलेलं बोकड ओट्यावर चढवलं आणि कापलं. मी जवळ जाऊन बघितलं. रक्त डांबरासारखं काळं होतं आणि दगडावरून वाहत राहिलं, गोठेचना. फाशीच्या जनावराचं रक्त गोठत नाही. मी ओरडलो, हातपाय झाडले, एकाची परात लाथाडली. दोघांनी मला प्रेमानं धरून सावलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं पंगत बसली आणि त्यांनी माझ्यापुढेही एक पान मांडलं.